विषानेच दाखवलेले दार

फेब्रुवारी २०२४ ते मे २०२५ या सव्वा वर्षात सर्पविषावरील उताऱ्याविषयी तीन महत्त्वाचे शोधनिबंध जगासमोर आले. पहिल्यात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचा थेट सहभाग होता. दुसऱ्यामागे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवलेल्या डेव्हिड बेकर यांची प्रयोगशाळा होती. तिसऱ्याच्या मुळाशी होता सुमारे अठरा वर्षे स्वतःच्या अंगात सापांचे विष टोचून घेणारा टिम फ्रीड हा अमेरिकन गृहस्थ. प्रसारमाध्यमांनी साहजिकच या गृहस्थाला सर्वाधिक जागा दिली. परंतु या तिन्ही संशोधनांना जोडणारा धागा मात्र बातम्यांमधून बहुतेक वेळा निसटला. तो धागा म्हणजे माणसाच्या स्नायूंवर असलेले एक प्रथिन, निकोटिनिक अ‍ॅसिटिलकोलिन ग्राही. नाग आणि मण्यार यांच्या विषातील सर्वांत घातक रेणूंचे लक्ष्य हेच प्रथिन असते. त्याचा आकार कळला म्हणून उताऱ्याची नवी वाट सापडली. आणि गंमत अशी, की त्याचा ठावठिकाणा शास्त्रज्ञांना प्रथम दाखवला तोही सापाच्या विषानेच.

हात उचलायचा असो, पापणी मिटायची असो की श्वास घ्यायचा असो, मेंदूचा आदेश मज्जातंतूच्या टोकापर्यंत विजेच्या रूपाने येतो. तंतू आणि स्नायू यांच्यामध्ये मात्र एक अतिसूक्ष्म फट असते आणि ही फट वीज ओलांडू शकत नाही. तेथे तंतूच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलिन हे रसायन बाहेर पडते आणि पलीकडच्या स्नायूवरील ग्राहींना जाऊन चिकटते. हा ग्राही म्हणजे पाच प्रथिनसाखळ्यांनी वर्तुळाकार उभी केलेली एक नळीच असते. अ‍ॅसिटिलकोलिनचे दोन रेणू तिच्या दोन ठरावीक खोबणींत बसले, की नळीचे आतले दार उघडते, सोडियमचे आयन स्नायूपेशीत शिरतात आणि स्नायू आकुंचन पावतो. हे दार एका वेळी जेमतेम सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढे उघडे राहते. फटीतले अ‍ॅसिटिलकोलिन दुसरे एक विकर तत्काळ नष्ट करते, जेणेकरून पुढच्या आदेशासाठी जागा मोकळी व्हावी. श्वासपटलावर हा व्यवहार जन्मापासून मृत्यूपर्यंत अखंड चालतो. तो थांबला, तर हृदय धडधडत असताना आणि मेंदू जागा असतानाही माणूस गुदमरतो. नागाचा किंवा मण्यारीचा दंश झालेल्या माणसाचे नेमके हेच होते. आधी पापण्या जड होतात, मग बोलणे अडखळते, गिळता येईनासे होते आणि शेवटी छाती हलेनाशी होते.

स्नायूवर असे काहीतरी ग्रहण करणारे द्रव्य असले पाहिजे, हा तर्क केंब्रिजच्या जॉन न्यूपोर्ट लँगली यांनी १९०५ साली मांडला होता. तंबाखूतील निकोटिन लावले की स्नायू आकुंचन पावतो आणि दक्षिण अमेरिकेतील आदिवासी बाणांना लावत ते क्युरारे वापरले की तो निपचित पडतो, एवढेच त्यांना दिसले होते. ग्राहीच्या नावात निकोटिन आले ते या प्रयोगांच्या परंपरेतून. पुढची साठ वर्षे हे द्रव्य केवळ अनुमानाच्या पातळीवर राहिले. अनेक नामवंत शास्त्रज्ञांना तर ग्राही ही केवळ सोयीची कल्पना वाटत होती. हजारो प्रथिनांच्या गर्दीतून हे एक प्रथिन वेगळे काढायचे, तर त्याला आणि केवळ त्यालाच घट्ट चिकटणारी एखादी खूण हवी होती.

ती खूण मिळाली तैवानमध्ये. चुआन-चिउंग चांग आणि चेन-युआन ली यांनी १९६३ मध्ये तेथील पट्टेरी मण्यारीच्या विषातून आल्फा-बंगारोटॉक्सिन हा घटक वेगळा काढला. हे विष स्नायूवरील ग्राहीला असे चिकटते, की सुटण्याचे नावच घेत नाही. इकडे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ज्याँ-पिएर शाँझे विजेचा धक्का देणाऱ्या ईल माशाच्या वीजनिर्मिती करणाऱ्या अवयवावर काम करीत होते. हा अवयव म्हणजे स्नायूंचेच बदललेले रूप असल्याने त्यात हे ग्राही खच्चून भरलेले असतात. मण्यारीचे विष आणि ईलचा अवयव यांची गाठ पडली आणि १९७० मध्ये मेंदूच्या वा स्नायूच्या रासायनिक संदेशांचा एक ग्राही प्रथमच प्रत्यक्ष हाती लागला. तैवानचा साप, दक्षिण अमेरिकेतील मासा आणि फ्रेंच प्रयोगशाळा, असा हा योग होता.

त्यानंतर या प्रथिनाने अनेकांना कामाला लावले. एर्विन नेहर आणि बेर्ट झाकमान यांनी १९७६ मध्ये बेडकाच्या स्नायूवरील अशा एका नळीतून वाहणारा विद्युतप्रवाह मोजून दाखवला. या तंत्राच्या शोधाबद्दल त्यांना १९९१ चे नोबेल मिळाले. केंब्रिजच्या नायजेल अनविन यांनी तर टॉर्पेडो या वीजमाशाच्या ग्राहीचे चित्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने स्पष्ट करण्यात आयुष्याची काही दशके घातली. त्यांचा बराचसा तपशीलवार नमुना २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. मानवी मेंदूतील निकोटिनच्या व्यसनाशी संबंधित उपप्रकाराची रचना २०१६ मध्ये उलगडली. जाता जाता येथे एक शंका दूर करायला हवी. तंबाखू खाणाऱ्याचे वा विडी ओढणाऱ्याचे स्नायू आखडत किंवा लुळे का पडत नाहीत? माणसात या ग्राहीच्या घटक साखळ्यांची १६ जनुके आहेत आणि त्यांच्या वेगवेगळ्या जुळण्यांतून वेगवेगळे उपप्रकार बनतात. मेंदूतील उपप्रकाराची निकोटिनशी जवळीक स्नायूंवरील उपप्रकाराहून कितीतरी अधिक असते. त्यामुळे तंबाखू मेंदूला पकडते आणि स्नायूंना सोडून देते. दोहोंची पकड सारखीच असती, तर तंबाखूचे व्यसन कोणाला जडलेच नसते. पहिल्याच झुरक्यात प्रकरण मिटले असते.

सर्पविषाच्या दृष्टीने निर्णायक वर्ष ठरले ते २०२०. त्या वर्षी अमेरिकेतील रायन हिब्स यांच्या गटाने आल्फा-बंगारोटॉक्सिन चिकटलेल्या अवस्थेतील टॉर्पेडोच्या ग्राहीचे अणुपातळीवरचे चित्र प्रसिद्ध केले. नाग, मण्यार आणि त्यांच्या कुळातील इतर सापांची ही विषे आकाराने अगदी लहान, साठ-सत्तर अमिनो आम्लांची प्रथिने असतात. त्यांना तीन बोटे असल्यासारखा आकार असतो. त्यांपैकी मधले बोट ग्राहीच्या त्याच खोबणीत घुसते, जेथे अ‍ॅसिटिलकोलिनने बसायचे असते. खोबणीवर एक लवचिक झाकण असते. एरवी अ‍ॅसिटिलकोलिन आत बसल्यावर हे झाकण मिटते आणि त्या हालचालीने खालचे दार उघडते. विषाचे बोट हे झाकण उघडेच धरून ठेवते. किल्ली आत जाऊ शकत नाही आणि गेली तरी फिरू शकत नाही, अशी ही व्यवस्था आहे.

मग मुंगूस का वाचते? दंश झाल्यावर मुंगूस रानात जाऊन एक मुळी खाऊन येते, अशी समजूत खेड्यापाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील सारा फुक्स यांच्या गटाने १९९० च्या दशकात याचे उत्तर शोधले. मुळी मुंगसाच्या पोटात नाही, ग्राहीतच आहे. मुंगसाच्या ग्राहीच्या त्या खोबणीतील मोजकी अमिनो आम्ले बदललेली असतात आणि तेथे साखरेच्या रेणूंची एक साखळी आडवी आलेली असते. विषाच्या बोटाला त्यामुळे आत शिरता येत नाही, मात्र आकाराने इवलेसे अ‍ॅसिटिलकोलिन सहज जाऊ शकते. नागाच्या स्वतःच्या ग्राहीतही असाच बंदोबस्त असतो. एरवी शिकार गिळताना त्याचेच विष त्याला बाधले असते. खोबणीचा आकार किंचित बदलला की विष निष्प्रभ होते, हा धडा निसर्गाने फार पूर्वीच गिरवून ठेवला होता.

माणसाचा ग्राही बदलणे शक्य नाही. तेव्हा विषालाच वाटेत अडवणे भाग आहे. त्यासाठी आजही जे औषध वापरले जाते, त्याची मूळ कल्पना आल्बेर काल्मेत यांनी १८९० च्या दशकात मांडली. घोड्याला थोडे थोडे विष टोचायचे, त्याच्या रक्तात प्रतिपिंडे तयार झाली की ती काढून रुग्णाला द्यायची. मुंबईतील परळच्या हाफकिनमुळे मराठी वाचकांना घोड्यांच्या या रक्तद्रवाची ओळख जुनीच आहे. या औषधाने गेल्या शतकात असंख्य प्राण वाचवले, हे निर्विवाद आहे. तथापि त्याच्या मर्यादाही तितक्याच जुन्या आहेत. भारतातील प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांपासून बनते. त्यासाठी लागणाऱ्या विषाचा फार मोठा हिस्सा तमिळनाडूतील इरुला आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येतो. म्हणजे बव्हंशी एकाच प्रदेशातील सापांच्या विषापासून बनलेले औषध काश्मीर ते ईशान्य भारत सर्वत्र दिले जाते. सापाचे विष मात्र प्रदेशागणिक बदलते. भारतीय विज्ञान संस्थेतील कार्तिक सुनगर यांच्या गटाने २०१९ मध्ये दाखवून दिले, की या चौघांखेरीज इतर विषारी सापांवर आणि याच चौघांच्या दूरच्या प्रदेशातील भाईबंदांवर हे औषध बरेच कमी पडते.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. तीन बोटांची ही विषे इतकी लहान असतात, की घोड्याच्या प्रतिकारशक्तीला त्यांची फारशी दखलच घ्यावीशी वाटत नाही. विषातील मोठ्या, कमी घातक प्रथिनांविरुद्ध भरपूर प्रतिपिंडे बनतात आणि खऱ्या मारेकऱ्याविरुद्ध थोडी. परिणामी सुरुवातीलाच दहा-दहा कुप्या शिरेतून द्याव्या लागतात. त्यांतली बहुतांश प्रतिपिंडे विषाशी संबंध नसलेली, घोड्याने आयुष्यभरात इतर रोगजंतूंविरुद्ध बनवलेली असतात. परक्या प्राण्याचे एवढे प्रथिन शरीरात गेल्यावर काही रुग्णांना तीव्र अ‍ॅलर्जी होते आणि रक्तदाब कोसळतो. याच धास्तीने प्राथमिक आरोग्य केंद्रातील एकटा डॉक्टर कपाटात औषध असूनही रुग्णाला पुढे तालुक्याला धाडतो. या प्रवासात जो वेळ जातो, तोच बहुधा जिवावर बेततो.

नव्या संशोधनाचे महत्त्व येथे आहे. कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संस्था आणि सुनगर यांचा गट यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘सायन्स ट्रान्सलेशनल मेडिसिन’मध्ये जे प्रतिपिंड सादर केले, ते घोड्यातून काढलेले नव्हते. एचआयव्हीवरील संशोधनात विकसित झालेली पद्धत वापरून, प्रयोगशाळेत बनवलेल्या मानवी प्रतिपिंडांच्या प्रचंड संग्रहातून ते निवडून काढले होते. ते विषाला कसे पकडते, याचे चित्र घेतले तेव्हा संशोधकांना दिसले, की त्या प्रतिपिंडाचे टोक ग्राहीच्या खोबणीची नक्कल करते. विषाचे मधले बोट ज्या आकाराच्या शोधात असते, तोच आकार प्रतिपिंड त्याच्यासमोर धरते आणि ते फसते. साप आफ्रिकेतील असो वा आशियातील, त्याच्या विषाला शेवटी ग्राहीच्या एकाच खोबणीत बसायचे असते. त्यामुळे बोटाचा तो भाग फारसा बदलून त्याला चालत नाही. एकाच प्रतिपिंडाने अनेक प्रजातींना आवर घालता येतो, तो या कारणाने. उंदरांना आधी विष टोचून काही मिनिटांच्या विलंबाने हे प्रतिपिंड दिले, तरी ते बचावले.

बेकर यांच्या गटाने तर प्राण्याची वा प्रतिपिंडांच्या संग्रहाची गरजच ठेवली नाही. विषाचा आकार संगणकाला दिला आणि त्यावर चपखल बसेल असे, निसर्गात कोठेही नसलेले प्रथिन संगणकाकडूनच रेखाटून घेतले. जानेवारी २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात अशा प्रथिनांनी उंदरांना विषाच्या प्राणघातक मात्रेपासून वाचवले. ही प्रथिने लहान असतात, उष्णतेत टिकतात आणि सूक्ष्मजीवांकडून स्वस्तात बनवून घेता येऊ शकतात. ग्रामीण भारताच्या दृष्टीने हे गुण संगणकाच्या चमत्काराहून मोलाचे आहेत. मे २०२५ मध्ये ‘सेल’मध्ये आलेल्या तिसऱ्या निबंधात फ्रीड यांच्या रक्तातून मिळालेली दोन प्रतिपिंडे आणि व्हारेस्प्लाडिब हे एक रासायनिक औषध यांचे मिश्रण वापरले होते. नाग, मण्यार, माम्बा यांच्या कुळातील १९ प्रजातींच्या विषांवर उंदरांत त्याची चाचणी झाली. १३ प्रजातींच्या विषापासून पूर्ण आणि उरलेल्या ६ प्रजातींच्या विषापासून अंशतः संरक्षण मिळाले. फ्रीड यांच्या साहसाचे अनुकरण कोणी करू नये, हे निराळे सांगायला नको. त्यांना यापूर्वी जिवावरच्या प्रसंगातून जावे लागले होते.

तिसऱ्या मिश्रणात ते रासायनिक औषध का घालावे लागले, या प्रश्नात मात्र भारतीय वाचकाने विशेष लक्ष घालण्याजोगे बरेच काही आहे. नागाचे विष प्रामुख्याने ग्राहीवर घाला घालते. मण्यारीच्या विषात ग्राहीला चिकटणारा घटक असतोच, परंतु त्याहून घातक असा दुसरा घटक मज्जातंतूच्या टोकावरच हल्ला करतो. तेथील अ‍ॅसिटिलकोलिनचे साठे रिते होतात आणि खुद्द तंतूचे टोक नष्ट होते. दवाखान्यातील अनुभवही हेच सांगतो. नागदंशाच्या रुग्णाला निओस्टिग्मिनचे इंजेक्शन दिले, तर फटीतील अ‍ॅसिटिलकोलिन वाढते आणि मिटलेल्या पापण्या पुष्कळदा उघडू लागतात. मण्यारीच्या रुग्णात बहुधा असे होत नाही, कारण वाढायला अ‍ॅसिटिलकोलिन मुळात शिल्लकच नसते. तंतूची टोके पुन्हा वाढेपर्यंत त्याला कित्येक दिवस व्हेंटिलेटरवर ठेवावे लागते. त्यातून मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दंश फारसा दुखत नाही, सूज येत नाही. पोटात दुखते म्हणून उठलेल्या माणसाला साप चावल्याचा संशयही येत नाही. ग्राहीची नक्कल करणारे उत्तमातले उत्तम प्रतिपिंड मण्यारीपुढे एकटे पुरे पडणार नाही, ते यामुळे.

घोणस आणि फुरसे यांची कथा तर सर्वस्वी वेगळी. त्यांचे विष मुख्यतः रक्तावर आणि रक्तवाहिन्यांवर परिणाम करते, मूत्रपिंडे निकामी करते आणि ऊती जाळते. ग्राहीशी त्याचा फारसा संबंध नाही. आपल्याकडील सर्पदंशांत घोणशीचा वाटा फार मोठा आहे, कोकणात फुरशाचा. ‘सर्व सापांवर एकच औषध’ अशा मथळ्यांनी त्या तीन निबंधांच्या बातम्या छापल्या गेल्या, तेव्हा हा भेद पुसला गेला. तिसऱ्या निबंधाच्या लेखकांनी स्वतः केवळ नाग-मण्यार कुळाविषयीच दावा केला होता. उत्साह संशोधकांचा नव्हता, मथळे देणाऱ्यांचा होता.

विज्ञान जेथे पोहोचले आहे आणि व्यवस्था जेथे उभी आहे, त्यांतील अंतर आकड्यांतूनच दिसते. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाविषयी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. त्यात २०१६ ते २०२० या काळातील सरकारी नोंदींवरून वर्षाला सरासरी सुमारे २ हजार मृत्यूंचा आकडा दिला आहे. दशलक्ष मृत्यू अभ्यासाच्या आधारे २०२० मध्ये ‘ई-लाइफ’ या नियतकालिकात आलेल्या विश्लेषणानुसार मात्र २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतील निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. एकाच देशातील एकाच कारणाने होणाऱ्या मृत्यूंच्या दोन आकड्यांत जवळजवळ तीसपटीचा फरक असावा, हे आपल्या आरोग्यव्यवस्थेच्या दृष्टीचे निदान आहे. जो माणूस घरी, मांत्रिकाकडे किंवा रस्त्यात मरतो, तो सरकारी दवाखान्याच्या वहीत येत नाही. वहीत नसलेल्या रुग्णासाठी औषध मागवले जात नाही.

म्हणूनच नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य खात्याने सर्पदंशाची नोंद सक्तीची करावी, असे राज्यांना कळवले. कर्नाटकाने त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत हे पाऊल उचललेले होते. महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून सर्पदंशाने मृत्यू पावलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात. ही मदत आवश्यकच आहे. पण मृत्यूनंतर दिल्या जाणाऱ्या पैशांचा हिशेब शासनाकडे चोख असतो आणि मृत्यू टाळणाऱ्या औषधाच्या परिणामांचा नसतो, ही विसंगती लपत नाही. कोणत्या तालुक्यात कोणता साप चावतो, तेथील विषावर उपलब्ध औषध कितपत चालते, याची पद्धतशीर माहिती गोळा झाल्याखेरीज नवे प्रतिपिंड आले तरी ते कोठे आणि कोणाला द्यायचे, हे ठरवता येणार नाही.

आणि ते लवकर येईल अशी चिन्हेही नाहीत. विषाच्या बाजारपेठेत खरेदीदार गरीब असल्याने मोठ्या औषध कंपन्यांना या क्षेत्रात रस नाही. जे पुढे गेले आहे, त्याची वाटही खडतर ठरली. तिसऱ्या निबंधातील व्हारेस्प्लाडिब हेच औषध गोळीच्या रूपात, नेहमीच्या प्रतिसर्पविषाच्या जोडीला देऊन, भारतातील आणि अमेरिकेतील ९५ सर्पदंश रुग्णांवर तपासण्यात आले. त्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ठरवलेले मुख्य उद्दिष्ट गाठता आले नाही. दंशानंतर लवकर गोळी मिळालेल्या रुग्णांत मात्र आकड्यांचा कल औषधाच्या बाजूने दिसला. उंदरांत पूर्ण यश आणि माणसांत अर्धवट आशा, असे औषधांच्या इतिहासात नेहमीच घडते. ग्राहीची नक्कल करणाऱ्या प्रतिपिंडांची आणि संगणकाने रेखाटलेल्या प्रथिनांची माणसांवरील परीक्षा अजून व्हायचीच आहे. ती भारतात, नाग आणि मण्यारीच्या दंशांचे रुग्ण जेथे खरोखर येतात अशा जिल्हा रुग्णालयांत व्हायची असेल, तर तेथे आधी व्हेंटिलेटर, तो चालवणारा माणूस आणि दंशाची वेळ लिहून ठेवणारी वही लागेल.